आवाज आधी तुटतो



काही वर्षांपूर्वी मे महिन्यातल्या एका दुपारी एक गृहस्थ आपल्या मुलाला घेऊन माझ्याकडे आले. मुलगा अकरावीतला. स्कूटर वडील चालवत होते आणि मुलगा मागे कॉम्प्युटरचं कॅबिनेट मांडीवर धरून बसला होता. तक्रार अशी, की गेम खेळताना चित्र अडकतं आणि आवाज तुटतो. त्याआधी दोन दुकानं झाली होती. पहिल्यानं फॉरमॅट मारून दिलं. दुसऱ्यानंही फॉरमॅटच मारलं आणि वर सांगितलं, की ग्राफिक्स कार्ड बदला. कार्डाची किंमत ऐकून हे गृहस्थ माझ्याकडे आले होते. म्हणाले, "सर, पोराले वाटते तसं. कोपऱ्यात तो आकडा साठ दाखवते. साठच्या साठ. मंग अटकते कुठं?" मुलगा मान खाली घालून उभा होता. तो एवढंच म्हणाला, "काका, अटकते. मले ऐकू येते."

आजचं माझं व्याख्यान त्याच्या त्या शेवटच्या तीन शब्दांवर आहे.

आमच्या सरांच्या नावाच्या व्याख्यानमालेत कॉम्प्युटर गेमचा विषय कशाला, असं इथं आल्याआल्या मला एका ज्येष्ठांनी विचारलं. प्रश्न रास्त आहे. सरांनी आयुष्यभर रेडिओ आणि टीव्ही दुरुस्त केले, आणि आम्हा पंधरा-वीस जणांना ते काम शिकवलं. गेम त्यांनी कधी खेळला नसेल. पण दुरुस्तीला आलेला सेट उघडण्यापूर्वी तो चालू करून, हात पाठीमागे बांधून पाच मिनिटं नुसतं ऐकत उभं राहण्याची त्यांची सवय इथल्या अनेकांना आठवत असेल. आमच्या हातात स्क्रूड्रायव्हर तयार असायचा आणि ते आम्हाला थांबवायचे. चित्र नि आवाज अडकण्याचा हा जो आजार आहे, त्याच्यावर मला तरी त्यांच्या त्या पाच मिनिटांहून चांगलं औषध अजून सापडलेलं नाही.

आधी वडिलांचं म्हणणं घेऊ, कारण ते खोटं बोलत नव्हते. आकडा खरोखर साठ होता. गेममधलं चित्र म्हणजे एकामागून एक येणाऱ्या फ्रेम. सेकंदाला साठ फ्रेम यायच्या असतील, तर प्रत्येकीच्या वाट्याला 16.67 मिलिसेकंद येतात. एवढ्या वेळात प्रोसेसरनं खेळाची स्थिती ठरवायची, ग्राफिक्स कार्डानं चित्र रंगवायचं आणि ते पडद्याकडे पाठवायचं. आता असा एक सेकंद कल्पनेत आणा, की 59 फ्रेम प्रत्येकी 14 मिलिसेकंदांत आल्या. झाले 826 मिलिसेकंद. उरलेल्या एका फ्रेमला 174 लागले. एकूण हजार मिलिसेकंद, म्हणजे एक सेकंद, आणि फ्रेम बरोबर साठ. कोपऱ्यातला आकडा साठ दाखवणार. पण त्या एका फ्रेमपाशी खेळ सेकंदाचा सहावा भाग गोठून उभा होता. समोरून कुणी गोळी झाडत असेल, तर तेवढ्यात मुलगा मेलेला असतो.

आपल्या अकोला-अमरावतीकडच्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. जून ते सप्टेंबरमध्ये पाऊस सरासरीइतका झाला असं कागदावर येतं, आणि ज्यानं जूनमध्ये पेरून तीन आठवडे आभाळाकडे बघण्यात घालवले, त्याच्या घरात दुबार पेरणीचं कर्ज असतं. पाऊस किती पडला हा एक प्रश्न. कधी पडला, हा दुसरा. पीक दुसऱ्या प्रश्नावर जगतं किंवा मरतं. मी हे त्या गृहस्थांना असंच सांगितलं. त्यांचा चेहरा बदलला, आणि पहिल्यांदाच त्यांनी मुलाकडे वळून विचारलं, "कधी अटकते रे?"

ही गोष्ट संगणकाच्या जगालाही उशिरा कळली, हे मुद्दाम सांगायला हवं. वर्षानुवर्षं ग्राफिक्स कार्डांची परीक्षणं सेकंदाला सरासरी किती फ्रेम, एवढ्या एका आकड्यावर लिहिली जात होती. खेळणारी मुलं म्हणत, आकडा चांगला आहे पण खेळ अडकतो. त्यांना उत्तर मिळे, तुम्हाला भास होतोय. सप्टेंबर 2011 मध्ये 'द टेक रिपोर्ट' या संकेतस्थळाच्या स्कॉट वॉसन यांनी सेकंद सोडून सेकंदाच्या आत बघायला सुरुवात केली. प्रत्येक फ्रेमला किती मिलिसेकंद लागले ते मोजायचं, आणि शंभरातल्या नव्याण्णव फ्रेम किती वेळाच्या आत आल्या ते सांगायचं, ही त्यांची पद्धत. सरासरीला सारखी दिसणारी दोन कार्डं या मोजणीत वेगळी निघाली. बैलजोडीसारखी दोन कार्डं एकत्र जुंपून चालवण्याची तेव्हा पद्धत होती. एकानं एक फ्रेम काढायची, दुसऱ्यानं पुढची. मोजल्यावर दिसलं, की त्यांच्या फ्रेम कित्येकदा जोडीजोडीनं येतात, दोन पाठोपाठ आणि मग खंड. आकडा जवळजवळ दुप्पट दिसायचा, डोळ्याला त्याचा लाभ तेवढा मिळत नव्हता. मुलांना भास होत नव्हता. मोजणाऱ्यांची फूटपट्टी चुकीच्या जागी लावलेली होती.

आता कानाकडे येतो.

डोळा क्षमाशील आहे. एखादी फ्रेम गळली, तर मेंदू बहुतेक वेळा सांधून घेतो. कानाचं तसं नाही. निरोगी तरुण कानाला सलग आवाजातला दोन-तीन मिलिसेकंदांचा खंडही कळू शकतो. या फरकाचा पुरावा आपल्या घरातच आहे. 1913 साली दादासाहेब फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' मुंबईत गिरगावच्या कॉरोनेशन थिएटरमध्ये लागला. त्या काळी कॅमेऱ्याची मूठ हातानं फिरवायची असे, आणि या चित्रपटाची ती त्र्यंबक तेलंग यांनी फिरवली. हात कधी भरभर चाले, कधी थकून हळू होई. वेग थोडा कमीजास्त झाला म्हणून कुणी थिएटर सोडून गेलं नाही. मग सिनेमा बोलू लागला. 1932 मध्ये प्रभातनं 'अयोध्येचा राजा' आणला. आता आवाज फिल्मच्या पट्टीवरच छापलेला. पट्टीचा वेग जरा हलला, की गाणाऱ्याची पट्टी बदलते आणि ऐकणारा दचकतो. म्हणून मोटर आली, म्हणून सेकंदाला 24 चित्रांचा पक्का नियम जगभर झाला. सिनेमाला घड्याळ लावलं ते कानानं.

संगणकात आवाज कसा पोचतो, ते पाहिलं की कानाची साक्ष इतकी मोलाची का, ते कळतं. आवाजाचे सेकंदाला बहुधा 48,000 नमुने घेतलेले असतात. गेम ते एकेक करून पाठवत नाही, थोडा साठा करून ठेवतो. साठा 480 नमुन्यांचा असेल, तर तो दहा मिलिसेकंद पुरतो. ही आपल्या गच्चीवरची टाकी आहे असं समजा. नळाला पाणी ठरावीक वेळी येतं, घरात मात्र नळ केव्हाही उघडला जातो. मधला वेळ टाकी भागवते. टाकी लहान आणि पाणी यायला उशीर झाला, की घरातला नळ फुसफुसतो. आवाजात ती फुसफुस म्हणजे 'कट्', 'टक्', चरचर. मग टाकी मोठी का करू नये? करता येते, आणि गाणं ऐकताना ती मोठीच असते. पण खेळात बंदुकीचा चाप आत्ता ओढला आणि आवाज साठ्यातल्या रांगेमागून उशिरा आला, तर हात आणि कान यांची फारकत होते. म्हणून गेममध्ये टाकी मुद्दाम लहान ठेवतात. लहान टाकी म्हणजे नळाचा उशीर सगळ्यात आधी जिथं कळणार ती जागा.

आणखी एक गोष्ट. हा साठा सरळ रेषेत नसतो, गोल असतो. गेम पुढे पुढे भरत जातो आणि साउंड कार्ड मागून वाचत येतं, कडेला पोचलं की पुन्हा पहिल्यापासून. आता भरणाराच गोठला तर? वाचणाऱ्याला ते कळेलच असं नाही. तो फिरत राहतो आणि तोच जुना तुकडा पुन्हा पुन्हा वाजवतो. तबकडीची सुई एका खाचेत अडकली की एकच अक्षर ऐकू येत राहायचं, तसं. पण इथला तुकडा अक्षराहूनही लहान, त्यामुळे ऐकू येतं ते 'टर्रर्रर्र'. मशीन हँग झाल्यावरचा तो आवाज मागच्या रांगांतल्या सगळ्या मुलांना माहीत असेल. तो ऐकला, की समजायचं, अडचण गेमच्याही खाली आहे.

इथून पुढची माझी रीत अगदी साधी आहे. अडकतं त्या क्षणी आवाजाचं काय होतं, ते ऐकायचं. बहुतेक गेममध्ये चित्राचं काम आणि आवाजाचं काम वेगवेगळ्या धाग्यांवर (थ्रेडवर), स्वतंत्रपणे चालतं. म्हणून चित्र गोठलं, पण पार्श्वसंगीत अखंड वाहत राहिलं, तर दोष बहुधा गेमच्या आत किंवा ग्राफिक्सच्या बाजूला आहे. चित्र नितळ आणि आवाजच तुटतोय, तर साउंडचा ड्रायव्हर, त्याची सेटिंग किंवा ब्लूटूथचा हेडफोन बघा. ब्लूटूथ आणि बऱ्याचदा वायफायही 2.4 गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात बोलतं, आणि यूएसबी 3 ची जोडणी शेजारी असेल तर तिचा गोंगाटही त्याच पट्ट्यात पडतो, हे इंटेलनं 2012 मध्येच लिहून ठेवलं आहे. ब्लूटूथचा डोंगल दुसऱ्या बाजूच्या खाचेत लावून कित्येकांचं काम झालं आहे. आणि चित्र व आवाज दोन्ही एकाच झटक्यात गेले, तर त्या दोघांच्या पायाखालची जमीन तपासायची. या नियमाला अपवाद आहेत. गेममधला आधीच तयार केलेला व्हिडिओ चालू असेल, तर चित्र नि आवाज एकाच फाइलमधून येतात आणि डिस्क हळू पडली की दोन्ही जातात. तरीही पहिल्या पाच मिनिटांत दिशा मिळते ती यातूनच.

चित्राच्या बाजूचं थोडं सांगतो. पडदा आपल्या तालात चालतो. 60 हर्ट्झचा पडदा दर 16.67 मिलिसेकंदांनी एकदा चित्र घेतो. ही पंगत आहे. फ्रेम पडद्याच्या तालाशी बांधणारं व्ही-सिंक चालू असेल, तर पंगतीत वेळेवर बसलेल्याला पान मिळतं. अठराव्या मिलिसेकंदाला आलेल्या फ्रेमला पंगत उठेपर्यंत, म्हणजे 33व्यापर्यंत ताटकळावं लागतं. एवढ्याशा उशिराला एवढी मोठी शिक्षा, म्हणून ते झटके. 2013 मध्ये एनव्हिडियानं जी-सिंक आणलं, पाठोपाठ एएमडीचं फ्रीसिंक आलं, आणि पडदाच फ्रेमसाठी थांबायला शिकला. पाहुणा आला की पान वाढायचं.

पण त्यानं सगळं सुटलं नाही, कारण आजचा सगळ्यात मोठा त्रास वेगळाच आहे. प्रकाश कसा पडेल, पाणी कसं चमकेल, हे ठरवणारे हजारो छोटे प्रोग्राम गेममध्ये असतात. त्यांना शेडर म्हणतात. प्रत्येक जातीच्या ग्राफिक्स कार्डाची यंत्रभाषा निराळी. प्लेस्टेशनसारख्या खेळाच्या यंत्रात कार्ड ठरलेलं असतं, म्हणून कारखान्यातच भाषांतर करून देता येतं. पीसीवर कुणाकडे कोणतं कार्ड असेल, सांगता येत नाही. त्यामुळे शेडरचं शेवटचं भाषांतर खेळणाऱ्याच्याच घरी, त्याच्याच मशीनवर करावं लागतं. गेमनं ते आधी करून ठेवलं नसेल, तर तुम्ही वळणावरून वळता, समोर पहिल्यांदाच आगीचा लोळ उठतो, त्याचं भाषांतर तयार नसतं, आणि ते होईपर्यंत चित्र थांबतं. संगीत चालू राहतं. ओळखण्याची खूण अशी, की पुन्हा त्याच जागी जा. दुसऱ्यांदा अडकत नाही. 2015 मध्ये डायरेक्टएक्स 12 आणि 2016 मध्ये व्हल्कन आलं, तेव्हा ड्रायव्हरकडची बरीच जबाबदारी गेम बनवणाऱ्यांकडे आली. सगळ्यांनी ती पेलली नाही. चांगलं महागडं कार्ड घेतलेली मुलं पहिल्या दिवशी झटके खात बसतात. माझ्या मते ही त्यांच्यावर अन्यायाचीच गोष्ट आहे, कारण घरी काहीही विकत आणलं, तरी हा दोष पूर्ण जात नाही.

यावरचा मला सगळ्यात आवडलेला उपाय पगारी माणसांनी काढलेला नाही. निन्टेंडोच्या गेमक्यूब आणि वी या यंत्रांचे खेळ पीसीवर चालवणारा डॉल्फिन नावाचा प्रोग्राम स्वयंसेवक लिहितात. त्यांनाही शेडरच्या झटक्यांनी वर्षानुवर्षं सतावलं होतं. 2017 मध्ये त्यांनी एक अजस्र शेडर लिहिला, जो गेमक्यूबच्या चित्र काढणाऱ्या चिपचीच सगळी रीत पाठ केल्यासारखा वागतो. तो संथ आहे, कार्डाला घाम फोडतो, पण त्याला दर प्रसंगी नव्या भाषांतराची गरज नाही. नेमक्या कामाचा छोटा शेडर मागच्या खोलीत तयार होईपर्यंत हा मोठा वेळ सांभाळून नेतो आणि मग बाजूला होतो. चित्र थांबत नाही. मुख्य गवई येईपर्यंत मैफल धरून ठेवणाऱ्या साथीदारासारखं हे काम.

आता पायाखालची जमीन. मला स्वतःला या दुखण्याची पहिली ओळख झाली ती विंडोज एक्सपीच्या काळात. एका मुलीचा पीसी. गेम असो, गाणं असो, डिस्क वाजायला लागली की दोन्ही अडखळायची. प्रोसेसर चांगला, मेमरी पुरेशी. मी दोन दिवस चुकीच्या जागी शोधत होतो. दोष असा निघाला, की डिस्कची केबल किंचित खराब होती. डिस्ककडून माहिती आणताना वारंवार चुका झाल्या आणि त्यांची संख्या सहाच्या पुढे गेली, की एक्सपी ती डिस्क डीएमए पद्धतीवरून पीआयओ पद्धतीवर उतरवत असे. डीएमएमध्ये माहिती प्रोसेसरला न विचारता थेट मेमरीत जाते. पीआयओमध्ये प्रोसेसरला स्वतः ओझी वाहावी लागतात. वेगानं धावणारा माणूस अचानक हमाल झाला. आणि एक्सपी हे कुणाला सांगत नसे. केबल बदलल्यावरही तो आपला निर्णय आपणहून फिरवायचा नाही. डिव्हाइस मॅनेजरमध्ये जाऊन ते आयडीई चॅनेल काढून टाकावं लागे आणि मशीन पुन्हा सुरू करावं लागे. मग तो नव्यानं ओळख करून घ्यायचा. ते केल्यावर गाणं पहिल्यांदा अखंड वाजलं, त्या क्षणी मुलीच्या आजीनं स्वयंपाकघरातून विचारलं होतं, "झालं का नीट?" तिनंही ऐकूनच ओळखलं.

उन्हाळा तर आपला घरचाच विषय. अकोला, अमरावतीकडे मे महिन्यात पारा 45 च्या पुढे जातो. कॅबिनेटमधला पंखा आत ओढतो ती खोलीतलीच हवा, तिच्यापेक्षा थंड तो काहीच करू शकत नाही. लॅपटॉपचा प्रोसेसर साधारण 100 अंशांच्या आसपास पोचला, की जीव वाचवायला आपला वेग स्वतःच उतरवतो, थोडा निवला की चढवतो, पुन्हा उतरवतो. खूण अशी, की सुरुवातीला छान चालतं आणि वीसेक मिनिटांनी अडकायला लागतं, आणि पहाटे खेळलं तर अडकत नाही. जाळीत बसलेली धूळ काढली आणि वाळून खडखडीत झालेली थर्मल पेस्ट बदलली, की बहुतेकदा भागतं. खर्च किरकोळ येतो.

सगळ्यात अवघड गोष्ट मात्र अलीकडची आहे, आणि तिच्याजवळ मी थोडा थांबणार आहे. ऑक्टोबर 2021 मध्ये विंडोज 11 आलं. त्याला टीपीएम 2.0 हवं होतं. टीपीएम म्हणजे किल्ल्या ठेवायची तिजोरी. एएमडीच्या रायझेन मशीनमध्ये ही तिजोरी वेगळ्या चिपऐवजी प्रोसेसरच्या फर्मवेअरमध्येच असते आणि आपली नोंद मदरबोर्डवरच्या एका छोट्या फ्लॅश चिपमध्ये ठेवते. काही लोकांच्या तक्रारी येऊ लागल्या, की मधूनच कधीतरी, काहीही कारण नसताना, सगळं मशीन क्षणभर अडखळतं. माउस, चित्र, आवाज, सगळं एकदम. ग्राफिक्सचा ड्रायव्हर बदलला, तरी तेच. फॉरमॅट मारलं, तरी तेच. मार्च 2022 मध्ये एएमडीनं स्वतः जाहीर केलं, की काही मशीनवर टीपीएमचा त्या फ्लॅश चिपशी चालणारा व्यवहार अधूनमधून लांबतो आणि तो संपेपर्यंत मशीन थांबतं. दुरुस्तीचं बायोस त्याच वर्षी मेपासून येणार, आणि ज्यांना थांबता येत नाही त्यांनी वेगळी टीपीएमची चिप बसवावी, असं सांगितलं.

याचा अर्थ लक्षात घ्या. गेममध्ये दोष नव्हता, कार्डात नव्हता, साउंडमध्ये नव्हता, विंडोजमध्येही नव्हता. कुलुपाच्या किल्ल्या सांभाळणारा एक पहारेकरी मधूनच वहीत नोंद करायला बसत होता आणि तेवढा वेळ सगळं गाव उभं राहत होतं. हे कोणत्याही दुकानदाराला एका बैठकीत सापडलं नसतं. त्याला मी दोष देत नाही. पण ज्या लोकांनी "मधूनच होतं, कधी होतं सांगता येत नाही" असं म्हणत तक्रार सोडली नाही, त्यांना भास झाला असं ठरवून परत पाठवलं असतं, तर हे कधीच कळलं नसतं.

म्हणूनच फॉरमॅट मारण्याच्या आपल्या सवयीवर माझा राग आहे. फॉरमॅट मारलं, की एका वेळी शंभर गोष्टी बदलतात. आजार गेला, तर का गेला ते कळत नाही. राहिला, तर मुलाचे फोटो आणि अभ्यास तेवढा गेलेला असतो. सर एका वेळी एकच भाग बदलायचे आणि पुन्हा ऐकायचे.

त्या अकरावीतल्या मुलाकडे परत येतो. मी कॅबिनेट जोडलं आणि गेम लावला. आठ-दहा मिनिटं काहीही केलं नाही. चित्र अडकलं, त्याच क्षणी आवाज 'टर्र' करून सावरला. दोन्ही एकदम. म्हणजे कार्ड नव्हे. गेम बंद करून नुसतं गाणं लावलं. पुन्हा तोच 'टर्र'. आता तर गेमही सुटला. मी मुलाला माझं मनगटी घड्याळ काढून दिलं आणि म्हटलं, प्रत्येक वेळी सेकंदकाटा कुठं आहे ते लिही. त्यानं वहीच्या मागच्या पानावर लिहायला सुरुवात केली. पाच नोंदी झाल्या आणि तो माझ्याकडे बघत राहिला. काटा दर वेळी जवळजवळ एकाच जागी होता. बरोबर मिनिटाला एक झटका.

उष्णता घड्याळ लावून येत नाही. खराब केबल घड्याळ लावून चुकत नाही. मिनिटामिनिटाला ठोका देणारं संगणकात कुणीतरी मुद्दाम ठरवलेलं काम असतं. कॅबिनेटच्या मागे एक यूएसबी वायफाय डोंगल खोचलेला होता. राउटर हॉलमध्ये आणि पीसी आतल्या खोलीत, म्हणून वडिलांनीच आणून लावलेला. जोडलेलं असतानाही आजूबाजूला आणखी कोणती वायफाय आहेत, हे असे डोंगल ठरावीक वेळानं धुंडाळतात. त्याचा ड्रायव्हर नीट लिहिलेला नसेल, तर धुंडाळताना तो प्रोसेसर अडवून बसतो. ड्रायव्हरची ही तातडीची कामं प्रोसेसर इतर सगळ्या प्रोग्रामच्या आधी घेतो, आवाजाच्याही आधी. नेटवर्क आणि आवाज यांचं हे भांडण जुनं आहे. 2007 मध्ये मायक्रोसॉफ्टच्या मार्क रुसिनोविच यांनी समजावून सांगितलं होतं, की विंडोज विस्टामध्ये गाणं वाजत असताना नेटवर्कची पाकिटं मिलिसेकंदाला दहापर्यंत रोखून धरली जातात, ती एवढ्याचसाठी, की आवाजाला त्याची पाळी मिळावी. दहा मिलिसेकंदांची टाकी असताना कुणी वीस मिलिसेकंद नळ दाबून धरला, तर काय होणार?

मी डोंगल काढला. एवढंच केलं. गाणं लावलं आणि आम्ही तिघं बसलो. मुलगा घड्याळाकडे बघत होता, वडील मुलाकडे. काटा त्या जागेवर आला, पुढं गेला. दुसरं मिनिट, तिसरं. सातव्या मिनिटाला वडील उठले आणि हॉलपासून आतल्या खोलीपर्यंत किती मीटर वायर लागेल, ते मला विचारायला लागले.

दोन दिवसांनी मुलगा घड्याळ परत द्यायला आला. मी ते त्याच्याकडेच विसरलो होतो. बरोबर वही आणली होती. वायर ओढून झाल्यानंतरही त्यानं नोंदी ठेवल्या होत्या, पान आखून, तारीख घालून. शेवटची ओळ त्यानं मला बोटानं दाखवली.

संध्याकाळी 7.10 ते 8.40. काही नाही.